पाणी पोचलं, निचरा अडला

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. मोटरसायकलवरून पडून घोट्याच्या जरा वर त्याच्या नडगीचं हाड मोडलं आणि उघडं पडलं. हाड बाहेरून पिना-सळ्या लावून बसवलं. मग प्लास्टिक सर्जननी पोटरीची कातडी खाली फिरवून त्यावर फ्लॅप बसवला. दुसऱ्या दिवशी तो जांभळा दिसू लागला म्हणून काही टाके सैल केले. पाचव्या दिवशी टोकाकडचा दोन बोटं भाग काळा पडला. आज बारावा दिवस आहे. सर्जन म्हणतात, "थांबू, रेषा स्पष्ट होऊ दे." काळं झालेलं काढून का टाकत नाहीत? पुढे आणखी फ्लॅप लागलाच तर "आधी नुसता कापून तिथेच परत शिवून ठेवू" असंही म्हणाले, ते आम्हाला कळलंच नाही. भाऊ रात्रभर मोबाइलवर वाचत असतो. फ्लॅप जगवणाऱ्या औषधांवरचे कितीतरी शोधनिबंध त्याला सापडलेत, ती औषधं आपल्याला का दिली नाहीत म्हणून चिडतो. जळवा लावतात हेही त्याने वाचलंय. नक्की चूक कोणाची झाली? तो पूर्वी दिवसाला दहा सिगारेटी ओढायचा, आता दोन-तीनवर आलाय, म्हणून आम्ही फार बोलत नाही. ड्रेसिंगच्या वेळी मात्र तोंड फिरवून पडून राहतो.
— एक बहीण

उत्तर : ताई, एवढ्या मोठ्या पत्रात माझं लक्ष एका शब्दावर अडकलं : 'जांभळा'. फ्लॅप पांढराफटक, थंडगार पडला असता तर गोष्ट वेगळी असती. जांभळा पडला म्हणजे रक्त आत येत होतं, बाहेर पडत नव्हतं. तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या रंगातून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नडगीच्या खालच्या भागात हाडावर मांसाचा थर नसतोच म्हटलं तरी चालेल. उघड्या हाडावर नुसती पातळ कातडी, म्हणजे स्किन ग्राफ्ट, चिकटवून भागत नाही. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जागेतून नुसता ओलावा शोषून तग धरतो आणि मग खालच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात. आवरण निघून गेलेलं हाड त्याला काय देणार? फ्लॅप आपला रक्तपुरवठा सोबत घेऊन येतो. एका बाजूने तो शरीराला जोडलेला राहतो, त्या जोडाला आम्ही देठ म्हणतो, आणि देठातून येणाऱ्या रक्तावर सगळा तुकडा जगतो.

पोटरीची कातडी खाली फिरवली असं तुम्ही लिहिता, त्यावरून हा 'रिव्हर्स सुरल फ्लॅप' असावा. केसपेपरवर नाव पाहून घ्या. फ्रान्समधले सर्जन मास्केले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली तो मांडला आणि पायाच्या या अडचणीच्या जागेसाठी तो जगभर रुजला. त्याचा देठ खाली, घोट्याकडे असतो. बाहेरच्या घोट्याच्या साधारण पाच सेंटिमीटर वर एक बारीकशी रोहिणी कातडीकडे येते, तिच्यातून रक्त फ्लॅपमध्ये चढतं. इथवर ठीक. पण परतीच्या नीलांना पायात झडपा असतात आणि त्या फक्त वरच्या, हृदयाच्या दिशेने उघडतात. फ्लॅप उलटा फिरवला की अशुद्ध रक्ताला त्या झडपांच्या विरुद्ध, खाली देठाकडे यायचं असतं. आडवळणाच्या बारीक वाटा शोधत ते येतं, आणि त्या वाटा मोकळ्या व्हायला दिवस लागतात. तोवर फ्लॅप सुजतो, जांभळा होतो. सूज वाढली की तीच सूज बारीक नीलांना आणखी दाबते. शेतात पाणी येतंय पण निचरा होत नाही, तेव्हा पीक वाळून जात नाही, कुजतं. तसंच हे. अशा वेळी टाके सैल करणं हा चर काढून देण्याचाच प्रकार. तुमच्या सर्जननी तो दुसऱ्याच दिवशी केला, म्हणजे कोणीतरी फ्लॅपकडे बघत होतं.

टोकच का गेलं? कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी शेवटी पोचतं, म्हणून. फ्लॅपचं टोक देठापासून सगळ्यात लांब. पूर्वी सर्जन लांबी-रुंदीचं गणित घालत, रुंदी वाढवली की लांबीही वाढवता येते असं धरून चालत. १९७० साली मिल्टन नावाच्या सर्जनने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की तसं काही नसतं. रक्तपुरवठा त्याच प्रकारचा असेल तर अरुंद फ्लॅप आणि रुंद फ्लॅप साधारण सारख्याच लांबीपर्यंत जगतात. देठात कोणती रक्तवाहिनी आहे, तिचा जोर किती, यावर सगळं. गंमत अशी की लांबी-रुंदीचा तो नियम अजूनही तोंडी परीक्षेत विचारतात.

आता चुकीबद्दल. मी पाय पाहिलेला नाही, त्यामुळे न्यायनिवाडा करणार नाही. पण या फ्लॅपचं टोक जाणं ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली खोड आहे. उत्तम हातांनी केलेल्या शस्त्रक्रियेतही ते होतं. अपघाताचा मार जखमेपुरता नसतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्याही ठेचल्या जातात आणि बाहेरून ते नेहमी दिसत नाही. मोकळेपणाने विचारायचंच असेल तर "चूक कोणाची?" यापेक्षा हे विचारा : गेलेला भाग किती खोल आहे, आणि त्याच्या बरोबर खाली काय आहे, हाड की मांस? पुढचे दिवस कसे जाणार ते या उत्तरावर ठरेल.

थांबण्यामागचं कारणही तेच. काळं दिसतं ते सगळं मेलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा वरची साल तेवढी जाते, फोड येऊन काळपट होते, आणि खालची कातडी जिवंत असते. दोन-तीन आठवड्यांनी साल सुटली की आतून गुलाबी निघते. पाचव्या दिवशी घाईने कापलं असतं तर जगू शकणारा भागही कचऱ्यात गेला असता. मेलेलं आणि जिवंत यांच्यामधली रेषा शरीर स्वतः आखतं, त्याला वेळ द्यावा लागतो. कोरडी, घट्ट, वास नसलेली काळी खपली तोवर झाकणाचं काम करते, तिच्या कडेखाली लाल दाणेदार मांस भरत येतं, आणि मग जे उरेल त्यावर साधा ग्राफ्टही पुरतो. टोकाखाली मांस भरलं असेल तर दुसरा फ्लॅप कदाचित लागणारही नाही.

मात्र हे थांबणं कोरड्या खपलीपुरतं. ती ओली झाली, कडेने पू किंवा वासाचं पाणी आलं, आजूबाजूची लाली पसरू लागली, ताप आला, किंवा खपलीची कड उचलून खाली हाड दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मेलेली कातडी ओली झाली की जंतूंचं आगर होते, आणि खाली मोडलेलं हाड आहे. हाडाचा जंतुसंसर्ग हे फ्लॅपचं टोक जाण्यापेक्षा कितीतरी मोठं दुखणं.

भावाच्या औषधांकडे येते. त्याचा राग मला समजतो, कारण हे निबंध खोटे नसतात. सिल्डेनाफिल, बोट्युलिनम टॉक्सिन, तऱ्हेतऱ्हेची अँटिऑक्सिडंट आणि वनस्पतींचे अर्क, या सगळ्यांनी फ्लॅपचा जास्त भाग जगल्याचे प्रयोग छापून आलेले आहेत. त्याला एवढंच सांगा की प्रत्येक निबंधात प्रयोग कोणावर केला ते आधी वाच. बहुतेक वेळा उत्तर निघेल, उंदीर. १९६५ साली मॅकफार्लेन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पाठीवर लांबट फ्लॅप उचलण्याची पद्धत बसवून दिली. त्या फ्लॅपचं टोक हमखास मरतं, म्हणून मोजायला सोयीचं. औषध द्या, सात दिवसांनी किती टक्के काळं पडलं ते मोजा, निबंध तयार. या प्रयोगांतून आम्ही पुष्कळ शिकलो, मी त्यांची टिंगल करत नाही. पण उंदराची कातडी सैल असते, तिच्या खाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो जो माणसाच्या पायात नाही, आणि त्याची जखम मुख्यतः आकसून बंद होते. आमच्या नडगीवर आकसायला कातडी असते कुठे? शिवाय प्रयोगातले उंदीर एका वयाचे, धडधाकट. मोटरसायकलवरून पडलेला आणि दिवसाला दहा सिगारेटी ओढलेला उंदीर त्यांत नसतो. औषधही बहुधा शस्त्रक्रियेच्या आधी किंवा लगेच नंतर दिलेलं असतं, बाराव्या दिवशी नाही.

काही गोष्टी माणसांपर्यंत पोचल्या आहेत. स्तनाच्या शस्त्रक्रियेत पातळ झालेल्या कातडीवर नायट्रोग्लिसरीनचं मलम लावून फायदा झाल्याचं माणसांवरच्या चाचणीत दिसलं आहे. पण ते शस्त्रक्रिया संपतानाच लावतात, त्याने रक्तदाब उतरतो, डोकं दुखतं, आणि मेलेली पेशी ते उठवत नाही. दाबाखाली ऑक्सिजन देण्याच्या खोलीचंही तसंच : जिथे थोडाफार रक्तप्रवाह आहे पण ऑक्सिजन कमी पडतोय तिथे ती मदत करते, जिथे रक्तच नाही तिथे काय नेणार? ही कुठलीही गोष्ट भावाने परस्पर आणून लावू किंवा घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी तर नाहीच, कारण फ्लॅपखाली रक्त साचलं तर ती गाठ देठालाच दाबते.

जळवांचं मात्र त्याने बरोबर वाचलंय. औषध म्हणून हा प्रकार जुनापुराणा. आधुनिक प्लास्टिक सर्जरीत १९६० साली युगोस्लाव्हियातल्या दोन सर्जननी तुंबलेल्या फ्लॅपसाठी जळवा वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९८५ मध्ये बॉस्टनला एका लहान मुलाचा तुटलेला कान जोडल्यावर जळवांनी तो वाचवला तेव्हा साऱ्या जगाचं लक्ष गेलं. एक जळू पाच ते पंधरा मिलिलिटर रक्त पिते. पण खरा उपयोग ती गळून पडल्यावर होतो. तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे ती जागा पुढे कित्येक तास झिरपत राहते, आणि नवा निचरा तयार होईपर्यंत तेवढी उसंत मिळते. म्हणजे तुमच्या भावाच्या जांभळ्या दिवसांत हा विचार बसला असता. सगळीकडे जळवा मिळत नाहीत, आणि त्यांची किंमतही मोजावी लागते : रक्त कमी होतं, कधी बाहेरून चढवावं लागतं, आणि जळवेच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू राहतात म्हणून सोबत अँटिबायोटिक द्यावंच लागतं. तळ्यातली जळू आणून लावण्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल तर तो तिथेच सोडा. आणि आता, काळं पडलेल्या भागावर, जळू चिकटणारसुद्धा नाही. तिला वाहतं रक्त लागतं.

"कापून तिथेच परत शिवून ठेवू" हे मला फार आवडलेलं वाक्य आहे. तुमचे सर्जन पुढचा विचार करताहेत. याला 'डिले' म्हणतात, आणि फ्लॅपला दमदार करण्याची ही सगळ्यात जुनी, सगळ्यात खात्रीची युक्ती आहे. आपली कातडी म्हणजे एकेका रक्तवाहिनीने सांभाळलेल्या शेजारशेजारच्या वाड्या असतात. ऑस्ट्रेलियातल्या इयान टेलर आणि पामर यांनी १९८७ साली सबंध शरीराचा असा नकाशा प्रसिद्ध केला. दोन वाड्यांच्या मध्ये फार अरुंद जोडनळ्या असतात. एरवी त्यांचा वापर नसतो, दोन्हीकडे आपापलं पाणी असतं. फ्लॅपच्या कडा कापून एका बाजूचा पुरवठा तोडला आणि फ्लॅप जागेवरच ठेवला, की ती वाडी शेजाऱ्याकडे मागू लागते आणि जोडनळ्या रुंदावतात. कापल्यावर ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त रुंदावतात आणि मग तशाच राहतात. आठ-पंधरा दिवसांनी फ्लॅप उचलून फिरवला की टोकापर्यंत रक्त आधीपासूनच ये-जा करत असतं. पेशंटला मात्र वाटतं की एक ऑपरेशन फुकट गेलं. पट्टी सोडल्यावर पाय होता तसाच दिसतो ना!

आता सिगारेट. तुम्ही "फार बोलत नाही" म्हणता, मी बोलते. एका सिगारेटने कातडीखालच्या भागातला ऑक्सिजन उतरतो, आणि तो पुन्हा पहिल्या जागी यायला अर्धा-पाऊण तास लागतो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि अर्धा सुटायला चार-पाच तास घेतो. म्हणजे सकाळी, दुपारी आणि रात्री एकेक ओढली की दिवसाचा मोठा भाग त्या टोकाला पाणी कमी. दहाच्या तीन केल्या हे फुप्फुसाला सांगायला ठीक आहे, फ्लॅपला त्याचं काही अप्रूप नाही. आधीच निचरा अडलेल्या शेताचं येणारं पाणीही तो दिवसातून तीनदा तोडतो आहे, आणि रात्री औषधं शोधत बसतो. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, असं आम्ही मागतो. तंबाखू चघळणं, ई-सिगारेट, सगळ्यात निकोटीन असतंच. त्याच्या खोलीत दुसऱ्या कोणी ओढायची तर नाहीच. सोडताना जड जातंय म्हणून निकोटीनची गोळी किंवा पट्टी घ्यायची झाली तर सर्जनला विचारून, कारण त्यातही निकोटीन आहे, फक्त धूर नाही. पुढचा फ्लॅप किंवा ग्राफ्ट ठरेल त्या दिवशी सर्जनला किती सिगारेटी आणि शेवटची कधी, हे खरं खरं सांगा. लाजेपोटी लपवलेली सिगारेट टेबलावर आमच्या हातात उकलते, तेव्हा उशीर झालेला असतो.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत, आणि माझ्या मते त्या मोबाइलवरच्या सगळ्या औषधांहून वरचढ आहेत. पाय उशीवर, हृदयाच्या पातळीच्या वर. पण उशी पोटरीच्या मागे देठावर दाबेल अशी नको. बाहेरच्या सळ्यांचा इथे फायदा आहे, त्यांच्या आधाराने पाय अधांतरी ठेवता येतो, कसा ते सिस्टरना दाखवायला सांगा. पाय खाली सोडायला कधी सुरुवात करायची आणि किती मिनिटं, ते सर्जन ठरवतील. बसल्या जागी पाय लोंबता ठेवून मोबाइल बघणं आत्ता नाही. बँडेज घट्ट नको. माझ्या उमेदवारीच्या काळात मी स्वतः बांधलेल्या एका पट्टीखाली फ्लॅप निळा पडत चालला होता. रात्रपाळीच्या सिस्टरने न विचारता ती कापली आणि अर्ध्या तासात रंग परतला. तेव्हापासून पट्टीला खिडकी ठेवल्याशिवाय मी वॉर्ड सोडत नाही.

शेक अजिबात द्यायचा नाही. फ्लॅपला बहुधा संवेदना नसते आणि उष्णता वाहून न्यायला पुरेसं रक्तही नसतं, त्यामुळे इतरत्र सुखाची वाटणारी गरम पाण्याची पिशवी तिथे भाजते आणि भाजल्याचं त्याला कळतही नाही. बर्फही नको, कोणताही लेप नको. आहारात प्रथिनं भरपूर : वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा. रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासलंय का ते पाहा. तिशीत मधुमेह नसतोच असं नाही, कैकदा तो अपघातानंतरच्या तपासणीतच सापडतो. आणि टाके निघाले की जखम पक्की झाली असं समजू नका. तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम पाव ताकद असते.

राहिलं त्याचं तोंड फिरवणं. ते स्वाभाविक आहे, त्यावरून त्याला रागावू नका. पण टाच आणि पायाच्या बाहेरच्या कडेला त्याला बधिरपणा जाणवत असेल, कारण या फ्लॅपसोबत तिथली संवेदना नेणारी नस जाते. फ्लॅप जगला, हाड जुळलं, तो चालू लागला, तरी बूट चावला किंवा खडा टोचला तर दुखून कळणार नाही. पाहूनच कळेल. तो पाय रोज रात्री बघण्याचं काम पुढची कित्येक वर्षं त्याचंच आहे, तुमचं नाही. पुढच्या ड्रेसिंगला जाताना एक हातआरसा न्या आणि सिस्टरना सांगून त्याच्या हातात द्या. पहिल्या दिवशी त्याने फक्त जगलेला भाग बघितला तरी चालेल.